नव्या नागरिकांचा शपथविधी सर्वांसमक्ष व्हावा का?

शैलजा_फोंडा

परदेशातून येऊन स्थायिक झालेल्या माणसाला नागरिकत्व देताना कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन हे देश केवळ कागद हाती ठेवून थांबत नाहीत. ते त्याला सभागृहात बोलावतात, त्याच्यासारख्याच इतरांच्या शेजारी उभे करतात, शपथ म्हणवून घेतात आणि मगच प्रमाणपत्र देतात. आपल्या देशात कायद्याने शपथ आहे, पण समारंभ नाही. तो असावा का, आणि असल्यास त्याने नेमके काय साधते, एवढाच माझा प्रश्न आहे.

गेल्या जूनमध्ये कॅनडातील मिसिसागाला मुलीच्या शपथविधीला मी हजर होते. काळ्या झग्यातल्या न्यायाधीशबाई आल्या, तेव्हा सगळे उभे राहिले. प्रवेशापाशीच प्रत्येकाकडून कायम रहिवासाचे कार्ड परत घेतले होते. शपथ आधी इंग्रजीत आणि मग फ्रेंचमध्ये म्हणायची होती. पुढच्या रांगेत एक वयस्कर शीख गृहस्थ होते. ते छापील कागदावरच्या फ्रेंच ओळीवर बोट ठेवून, एकेक अक्षर लावत, शेजारच्या मुलांपेक्षा मोठ्या आवाजात शपथ म्हणत होते. त्यांची शपथ संपायला इतरांपेक्षा जरा जास्त वेळ लागला, तेवढा वेळ न्यायाधीशबाई थांबल्या आणि मगच त्यांनी सर्वांचे अभिनंदन केले.

ज्या क्षणी मुलीची शपथ पूर्ण झाली, त्याच क्षणी आपल्या कायद्याप्रमाणे तिचे भारतीय नागरिकत्व संपले, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. मला त्या टाळ्यांबद्दल खेद नाही. पण तिला ज्या आदराने तिकडे आत घेतले गेले, तसे आपण कोणाला घेतो का, हा विचार तेव्हापासून मनातून गेलेला नाही. गोव्यातल्या घरांना नागरिकत्व बदलण्याचा जितका अनुभव आहे तितका क्वचितच कोठे असेल, म्हणून येथे विचारते.

डिचोलीकर_टोरांटो

शैलजाताई, धागा काढलात हे फार चांगले केलेत. थोडी पार्श्वभूमी सांगतो. कॅनडाचा स्वतंत्र नागरिकत्व कायदा 1 जानेवारी 1947 रोजी अमलात आला. त्यापूर्वी येथील माणूस कायद्याने ब्रिटिश प्रजाजनच होता. पहिला समारंभ 3 जानेवारीला ओटावात सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतीत झाला आणि पहिले प्रमाणपत्र पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी स्वतः घेतले. पंतप्रधान आणि बाहेरून आलेला कामगार एकाच दिवशी, एकाच शपथेने नागरिक होतात, ही त्या समारंभामागची कल्पना मला आजही थोर वाटते.

माझा शपथविधी मात्र कोविडच्या काळात संगणकाच्या पडद्यावर झाला. अधिकाऱ्याने सांगितल्यावर मी कॅमेऱ्यापुढे कात्रीने कायम रहिवासाचे कार्ड कापले, उजवा हात वर केला आणि स्वयंपाकघरात उभा राहून शपथ घेतली. कायद्याच्या दृष्टीने त्यात काही कमी नव्हते. तरीही शेजारी कोण उभे आहे हे दिसत नव्हते, आणि शपथ संपल्यावर हात मिळवायला कोणी नव्हते. 2023 मध्ये सरकारने याच्याही पुढचा प्रस्ताव मांडला होता, की संकेतस्थळावर एक कळ दाबून, कोणाही अधिकाऱ्याच्या उपस्थितीशिवाय, शपथ घेता यावी. त्याला जो विरोध झाला, त्यात स्वतः बाहेरून येऊन नागरिक झालेली माणसे पुष्कळ होती. ज्यांना ती सवलत द्यायची होती, त्यांनाच ती नको होती.

सुनीता_साखळी

ताई, टाळ्या वाजवताना तुमच्या मुलीने तुमच्याकडे पाहिले का? माझा मुलगा पुढच्या वर्षी याच वाटेने जाणार आहे, म्हणून विचारते.

शैलजा_फोंडा

सुनीताताई, पाहिले. तिने प्रमाणपत्र आधी माझ्या हातात दिले आणि मग स्वतः वाचले. तुम्हाला जाणे शक्य असेल तर नक्की जा, घरचे माणूस तेथे असावे.

निवृत्त_शिक्षक_म्हापसा

या चर्चेत गोव्याचा स्वतःचा इतिहास यायला हवा. आपण सारे भारताचे नागरिक झालो ते कोणत्याही शपथेने नव्हे. नागरिकत्व कायदा 1955 च्या सातव्या कलमाखाली केंद्र सरकारने 28 मार्च 1962 रोजी गोवा, दमण आणि दीव यांच्यासाठी एक आदेश काढला. 20 डिसेंबर 1961 पूर्वी या भूमीत जी व्यक्ती, किंवा जिच्या आईवडिलांपैकी अथवा आजी-आजोबांपैकी कोणीही जन्मले असेल, ती व्यक्ती त्या दिवसापासून भारताची नागरिक झाली असे मानले जाईल, असे त्यात म्हटले होते. राजपत्रातल्या त्या एका परिच्छेदाने पेडण्यापासून काणकोणपर्यंतचा सारा मुलूख नागरिक झाला.

मी तेव्हा शाळेत होतो. सैन्य आले तो दिवस सर्वांना आठवतो, ध्वज चढला तो दिवस आठवतो. पण आपण नागरिक झालो तो दिवस कोणालाच आठवत नाही, कारण तशी सभा झाली नाही, कोणाचे नाव पुकारले गेले नाही आणि कोणाला काही म्हणायला सांगितले गेले नाही. माझ्या आजोबांच्या पिढीने तर राजेशाही, 1910 नंतरचे प्रजासत्ताक, सालाझारची हुकूमशाही आणि भारतीय लोकशाही असे चार अंमल पाहिले. प्रजासत्ताक आल्यावर हिंदूंना कायद्याने समान हक्क मिळाले, हा बदल त्यांना मोठा वाटत असे. पण त्या चारांपैकी एकाही वेळी त्यांना कोणी विचारले नाही की तुम्हाला हे मान्य आहे का. मला समारंभाचे महत्त्व वाटते ते याच कारणाने. तेथे राज्य माणसाला विचारते आणि माणूस स्वतःच्या तोंडाने उत्तर देतो.

दामोदर_मडगाव

सर, आपल्याबद्दल पूर्ण आदर ठेवून असहमती नोंदवतो. कोणी विचारले नाही हे कागदापुरते खरे असेल. पण 18 जून 1946 रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया यांच्या सभेला जे आले, त्यांनी आपले उत्तर त्याच दिवशी दिले होते. त्यानंतर जे आग्वादच्या तुरुंगात गेले, ज्या त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य यांना आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात डांबले गेले, त्यांना कोणत्या सभागृहात उभे करून आणखी कोणती शपथ द्यायची होती? गोव्याने नागरिकत्व मागून घेतले आहे. 1962 च्या आदेशाने ते फक्त लिहून काढले.

माझे काका सत्याग्रहात होते. त्यांच्या पाठीवर लाठीचे वळ शेवटपर्यंत होते. कोणी त्यांना म्हटले असते की तुमचे नागरिकत्व राजपत्राने झाले, तर त्यांना ते मुळीच पटले नसते.

निवृत्त_शिक्षक_म्हापसा

दामोदरराव, आपल्या काकांना माझा नमस्कार. आपला मुद्दा मी मान्य करतो, पण तो त्या शूर माणसांपुरता. राहिलेली लाखो माणसे शेतात, दर्यावर आणि घरात होती. त्यांनाही एकदा उभे राहून बोलण्याची संधी मिळायला हवी होती, एवढेच माझे म्हणणे आहे.

ॲड_काणकोण

एक दुरुस्ती सुचवतो, कारण ती या विषयाच्या मुळाशी जाते. 1962 च्या आदेशात नकार देण्याची सोय होती. आदेश राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून एका महिन्याच्या आत प्रशासकाकडे लेखी निवेदन देऊन आपले आधीचे राष्ट्रीयत्व कायम ठेवता येत होते. म्हणजे होकारासाठी काहीही करावे लागत नव्हते, नकारासाठी मात्र लिहून द्यावे लागत होते.

तसे लिहून देणाऱ्यांपैकी एक धर्मगुरू होते, मोन्सिन्योर मोंतेरो. ते गोव्यातच राहिले, पण परकीय नागरिक म्हणून. त्यांच्या परवान्याची मुदत नोव्हेंबर 1964 मध्ये संपली, त्यांनी ती वाढवून मागितली नाही आणि त्यांच्यावर परकीय नागरिक कायद्याखाली खटला झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. व्याप्त प्रदेशातील रहिवाशांना जिनिव्हा करारांचे संरक्षण असते, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने 1969 मध्ये तो फेटाळला आणि भूमी एकदा भारतात विलीन झाल्यावर व्याप्ती उरत नाही, असे ठरवले. माझ्या मते निर्णय योग्यच होता. परंतु ज्या गावात आयुष्य गेले त्याच गावात राहण्यासाठी परवाना घ्यावा लागणे म्हणजे काय, याचाही विचार करावा. समारंभाने माणूस नागरिक होत नसतो, कायद्याने होतो. समारंभ फार तर त्या कायद्याला चेहरा देतो.

वास्को_स्विंडन

मी इंग्लंडमध्ये स्विंडन येथे राहतो. येथे गोवेकरांची मोठी वस्ती आहे आणि त्यांच्यातले पुष्कळजण पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले आहेत. माझी वाटही तीच. आधी वडिलांचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवला, नंतर माझा. एजंटाने फाईल तयार केली, गोव्यातल्या जुन्या नोंदी काढल्या, त्यांची भाषांतरे झाली, आणि एके दिवशी कळले की मी पोर्तुगीज नागरिक आहे. पोर्तुगालच्या कायद्याच्या नजरेत मी जन्मापासूनच तसा होतो. मला त्यांची भाषा येत नव्हती, मी तो देश पाहिला नव्हता, आणि कोणी माझ्याकडून एक वाक्यही म्हणवून घेतले नाही. नंतर पणजीत भारतीय पासपोर्ट परत केला, तेही खिडकीवर. आत सरकवला, पोच मिळाली, मागचा माणूस पुढे आला.

ब्रेक्झिटनंतर येथे स्थायिक दर्जासाठी 30 जून 2021 पर्यंत अर्ज करायचा होता, तो केला. पुढे ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज केला, 24 प्रश्नांची परीक्षा दिली आणि नगरपालिकेच्या सभागृहात शपथ घेतली. देवाला स्मरून शपथ घ्यायची की नुसती प्रतिज्ञा करायची, हे आधी विचारतात. राजाचा प्रतिनिधी म्हणून आलेल्या बाईंनी प्रत्येकाला, तुम्ही मूळचे कोठले, असे विचारले. मी ‘गोवा’ म्हटल्यावर त्यांनी गावाचे नाव विचारले. मी ‘वास्को’ म्हटले.

माझ्याकडे आयुष्यात तीन देशांचे नागरिकत्व आले. पहिले जन्माने, दुसरे कागदाने. तिसऱ्या वेळी मला पहिल्यांदाच कोणी विचारले की या देशाशी एकनिष्ठ राहशील का, आणि तो देश इंग्लंड होता. हे लिहिताना मला वाईट वाटते. भारताशी माझे जे नाते आहे, ते कधी शब्दांत सांगण्याची वेळच माझ्यावर आली नाही, आणि ते सोडताना तर मुळीच नाही.

शुभदा_माशेल

वास्कोकर, तुमचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. तुम्ही जे सोडून गेलात त्याबद्दल गावात लोक सहज कठोर बोलतात. पण नोकरीसाठी गेलेल्या माणसाच्या मनात काय चालते हे विचारण्याची तसदी फार थोडे घेतात. लिहीत राहा.

पेडणेकर_महेश

माझा अनुभव उलट्या दिशेचा आहे. माझी पत्नी युरोपातली. लग्नानंतर आम्ही पेडणे तालुक्यातच राहिलो. भारतीय नागरिकाशी विवाह झालेल्या व्यक्तीला सात वर्षे येथे वास्तव्य झाल्यावर नोंदणीने नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. तिने तो केला. पोलीस चौकशी झाली, शेजाऱ्यांना विचारून गेले, फाईल दिल्लीला गेली. मंजुरीचे पत्र आल्यावर तिला आधीच्या देशाचे नागरिकत्व सोडल्याचा पुरावा द्यावा लागला. त्या मधल्या काळात ती घरात कोणालाही न सांगता पुन्हा पुन्हा कागदपत्रांची पिशवी उघडून पाहत असे, कारण एक देश सुटला होता आणि दुसरा अजून हाती आला नव्हता.

शपथ झाली ती एका सरकारी कार्यालयात. टेबलावर काच, काचेखाली जुने कॅलेंडर, शेजारी निकालात काढायच्या फायलींचा गठ्ठा. कारकुनाने छापील कागद पुढे केला आणि सही कोठे करायची तेथे पेन्सिलीने फुली मारून दिली. पत्नीने विचारले, “मोठ्याने वाचू का?” तो म्हणाला, “गरज नाही, बाई, सही करा.” तिने तरीही वाचली, हळू आवाजात, उभी राहून. घरी येताना तिने देवळापाशी रिक्षा थांबवून पेढे घेतले आणि वाड्यावर वाटले. शेजारच्या आजींनी तिची ओटी भरली. समारंभ झाला तो असा, वाड्यावर झाला, सरकारने केला नाही.

कारकुनाला मी दोष देत नाही, त्याला तसे कोणी सांगितलेच नव्हते. पण विवाह नोंदणी कार्यालयात सह्या झाल्या तरी आपण चार माणसांना बोलावून अक्षता टाकतोच, तसे येथेही कोणीतरी काही करायला हवे होते असे मला मनापासून वाटते.

ॲड_काणकोण

महेशराव, आपल्या पत्नीने वाचली ती शपथ कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे, आणि ती आवर्जून वाचण्यासारखी आहे. त्यात राजा नाही, सरकार नाही, धर्म नाही. कायद्याने प्रस्थापित झालेल्या भारताच्या संविधानाशी खरी श्रद्धा आणि निष्ठा बाळगीन, देशाचे कायदे निष्ठेने पाळीन आणि नागरिक म्हणून माझी कर्तव्ये पार पाडीन, एवढाच तिचा आशय आहे. कॅनडात आजही राजा चार्ल्स आणि त्याचे वारस यांच्याशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते. अमेरिकेत आधीच्या सर्व परकीय राजांचा आणि सत्तांचा त्याग करतो असे उच्चारावे लागते. आपली शपथ त्या मानाने साधी आणि स्वच्छ आहे. ती टेबलाशी पुटपुटली जाते, हे दुर्दैव आहे.

शिवाय नोंदणीऐवजी देशीकरणाच्या मार्गाने जो येतो, त्याला अर्जाच्या लगेच आधीचे सलग 12 महिने आणि त्यापूर्वीच्या 14 वर्षांपैकी एकूण 11 वर्षे येथे काढलेली असावी लागतात, आणि संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एखादी भाषा पुरेशी यावी लागते. त्या अनुसूचीत मराठी आहे आणि 1992 पासून कोकणीही आहे. म्हणजे गोव्यात राहून मराठी किंवा कोकणी शिकलेला परदेशी माणूस त्या भाषेच्या बळावर भारतीय होऊ शकतो.

मेघना_सिडनी

ऑस्ट्रेलियात हे काम स्थानिक नगरपालिकांकडे आहे. महापौर समारंभ घेतात. प्रतिज्ञेचे दोन पाठ असतात, एकात देवाचा उल्लेख आहे, दुसऱ्यात नाही, आणि ज्याला जो हवा तो निवडता येतो. आमच्या नगरपालिकेने प्रत्येकाला स्थानिक झाडाचे रोप दिले. माझे भाड्याच्या घराच्या बाल्कनीत कुंडीत वाढते आहे.

मात्र समारंभाची तारीख हा तेथे मोठ्या वादाचा विषय आहे, आणि आपल्याकडे कोणी असा विधी सुरू करणार असेल तर त्याने हा वाद समजून घ्यावा. सर्वांत मोठे समारंभ 26 जानेवारीला होतात. आपल्याला ती तारीख प्रजासत्ताक दिनाची म्हणून प्रिय आहे. तेथे ती 1788 मध्ये इंग्रजांची वसाहत सुरू झाली त्याची आहे, आणि मूळ रहिवाशांपैकी अनेकांच्या दृष्टीने तो दुःखाचा दिवस आहे. काही नगरपालिकांनी त्या दिवशी समारंभ घेण्यास नकार दिला, तेव्हा सरकारने त्यांचे समारंभ घेण्याचे अधिकार काढून घेतले. डिसेंबर 2022 मध्ये नियम सैल झाला आणि तीन दिवस आधी किंवा नंतरही समारंभ घेण्याची मुभा मिळाली. ज्यांची जमीन गेली त्यांना दुखावून नव्या माणसाचे स्वागत करता येत नाही. कॅनडाने 2021 पासून शपथेतच मूळ रहिवाशांच्या हक्कांचा उल्लेख घातला, तो मला अधिक समंजस मार्ग वाटतो.

शंकर_वाळपई

माझा या कल्पनेला विरोध आहे, आणि तो मी स्पष्टपणे मांडतो. जन्माने नागरिक झालेल्या माणसाला कोणी कधीच सभागृहात उभे करून निष्ठा सिद्ध करायला सांगत नाही. मग जो सर्व परीक्षा देऊन, वर्षानुवर्षे वाट पाहून आला, त्यालाच चारचौघांत हात वर करायला का लावावे? दुसरे म्हणजे, आपल्याकडे नागरिकत्व मिळणाऱ्यांत छळामुळे देश सोडून आलेली माणसे असतात. त्यांचे नातेवाईक अजून मागे राहिलेले असू शकतात. त्यांची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात यावीत, असे त्यांना वाटेल का? आणि तिसरे, मंच उभा राहिला की त्यावर कोण बसणार, हे वेगळे सांगायला नको.

दामोदर_मडगाव

शंकररावांचा तिसरा मुद्दा गोव्याने पाहिलेला आहे. ऑगस्ट 2024 मध्ये सुधारित नागरिकत्व कायद्याखाली गोव्यातले पहिले प्रमाणपत्र मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी पणजीत एका वृद्ध ख्रिस्ती गोवेकराला दिले. ते मुक्तीपूर्वी शिक्षणासाठी पाकिस्तानात गेले होते, तेथील नागरिक झाले, आयुष्याची कमाईची वर्षे आखातात काढली आणि म्हातारपणी गावी परत आले. माझी त्या कायद्याविषयी वेगळी मते आहेत, ती येथे मांडत नाही. पण छायाचित्रात त्या गृहस्थांपेक्षा इतरांचीच गर्दी अधिक होती. ज्याचा दिवस होता त्याचा आवाज कोठेच ऐकू आला नाही.

ॲड_काणकोण

त्या कायद्याच्या 2024 च्या नियमांत एक तपशील लक्षणीय आहे. जिल्हा समितीचा प्रमुख अधिकारी टपाल खात्याचा असतो, तोच कागदपत्रे तपासतो आणि अर्जदाराला शपथही तोच देतो. त्यामुळे प्रत्यक्ष शपथ टपाल कार्यालयात होते आणि मंचावर दिसतो तो पुढचा भाग. दोन्ही एकत्र आणून शपथ घेणाऱ्याला मध्यभागी ठेवले, तर दामोदररावांचा आक्षेप बराचसा दूर होईल.

बीएलओ_सत्तरी

मी अंगणवाडी सेविका असून आमच्या मतदान केंद्राची बीएलओ, म्हणजे मतदार यादीचे काम पाहणारी अधिकारी, आहे. शंकरदादांच्या पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे. जन्माने नागरिक असलेल्यांनाही आपण एकदा उभे करतो. 2011 पासून 25 जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिन साजरा होतो. त्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण झालेल्या नव्या मतदारांना बोलावून ओळखपत्र आणि बिल्ला देतात आणि सर्वांकडून मतदाराची प्रतिज्ञा म्हणवून घेतात. आमच्या गावात हा कार्यक्रम शाळेच्या व्हरांड्यात होतो. मुले आधी लाजतात. गेल्या खेपेला एका धनगर कुटुंबातली मुलगी आली होती, घरातली पहिलीच नाव नोंदवलेली मुलगी. तिने बिल्ला लगेच लावला नाही, पिनेने ओढणीला नीट जमेपर्यंत थांबली आणि मग प्रतिज्ञेसाठी हात पुढे केला.

नव्या नागरिकांना याच कार्यक्रमात बोलवावे. मग परदेशातून आलेला आणि गावात जन्मलेला असे दोघे एकाच रांगेत उभे राहतील, आणि कोणाची परीक्षा घेतली जाते आहे असे कोणाला वाटणार नाही. मंचाची गरज नाही. व्हरांडा पुरतो.

शंकर_वाळपई

ताई, हे मला पटले. येणे ऐच्छिक असावे आणि छायाचित्र संमतीशिवाय काढू नये, या दोन अटी असतील तर माझा विरोध राहत नाही.

निवृत्त_शिक्षक_म्हापसा

उत्तम सूचना. गोव्यासाठी मी 19 डिसेंबर सुचवणार होतो, पण मेघनाताईंचे वाचल्यावर वाटते की मतदार दिन अधिक योग्य आहे. मुक्तिदिनाला प्रत्येक घराची आठवण निराळी आहे. मतदानाचा हक्क मात्र सर्वांना सारखाच मिळाला, आणि तो वापरूनच गोव्याने 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात, महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळे राहायचे, हे आपले भवितव्य ठरवले. माझे मत त्यात हरलेल्या बाजूला होते. तरीही रांगेत उभे राहून ते दिले, तेव्हाच मला मी नागरिक असल्याची खरी जाणीव झाली.

सुनीता_साखळी

चर्चा मोठ्या गोष्टींवर चालली असताना एक व्यवहारातले विचारते. मुलाने शपथ घेतल्यावर आमच्याकडून काय करायचे असते? आमचे कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बागायत, आहे, त्याच्या नावाचे काय होईल?

ॲड_काणकोण

सुनीताताई, शपथ झाल्यावर भारतीय पासपोर्ट वापरायचा नाही, एका प्रवासापुरताही नाही. तो भारतीय दूतावासात परत करून प्रमाणपत्र घ्यावे आणि त्या आधारे ओसीआय कार्डासाठी, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणाऱ्या कार्डासाठी, अर्ज करावा. ते कार्ड मिळाल्यावर व्हिसाशिवाय येता-जाता येते. मतदान करता येत नाही आणि निवडणूक लढवता येत नाही. शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, पण वारसाहक्काने आलेले ठेवता येते. म्हणजे तुमचे कुळागर त्याच्याकडे वारशाने येऊ शकते. त्याला शेजारची बागायत विकत घेऊन त्यात भर मात्र घालता येणार नाही.

शैलजा_फोंडा

सर्वांचे आभार. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला बीएलओताईंच्या सूचनेत मिळाले. वास्कोकर आणि महेशराव यांचे अनुभव एकत्र वाचल्यावर मला एवढे नक्की दिसते की शपथ घेताना समोर कोणीतरी ऐकणारे असावे. तो ऐकणारा मंत्रीच असला पाहिजे असे नाही. गावातला असला तर अधिक चांगले.

गोव्यातल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे यासाठी लेखी विनंती करावी, असे मला वाटते. मतदार दिनाच्या कार्यक्रमाला त्या वर्षात नागरिकत्व मिळालेल्यांना निमंत्रण द्यावे, शपथ मराठी, कोकणी किंवा इंग्रजीत मोठ्याने म्हणण्याची संधी द्यावी, येणे ऐच्छिक ठेवावे आणि भाषणे नसावीत. मसुदा कोण करील?

पेडणेकर_महेश

पत्नीला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, पुढच्या 25 जानेवारीला मला बोलावले तर मी पुन्हा एकदा वाचीन, या वेळी मोठ्याने आणि मराठीत. मसुद्यावर पहिली सही तिची घ्या.

ॲड_काणकोण

मसुदा मी करतो. कोकणी पाठ तपासायला कोणी पुढे यावे. रविवारपर्यंत येथेच टाकतो, दुरुस्त्या सुचवा.

बीएलओ_सत्तरी

कोकणी मी पाहते. आणि वकीलसाहेब, मसुद्यात बिल्ल्याचाही उल्लेख करा, तो नव्या नागरिकांनाही मिळाला पाहिजे.